लाल स्वेटरवाली

रविवार, ७ जानेवारी १९७३

पुन्हा तेच! फ्यूज पार्टी, फ्यूज पार्टी, फ्यूज पार्टी — कान किटले.

सकाळी नऊला सहादेवभाऊजी आले. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून आले, म्हणजे दुपारपर्यंत उठणार नाहीत हे ठरलेलंच. बरोबर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे रंभाजी. आणि तिथल्याच यांच्या लॅबमध्ये नुकताच लागलेला एक माणूस. त्याला काहीच माहीत नाही, म्हणून गोष्ट अगदी पहिल्यापासून. मी आत ज्वारी निवडत होते. सगळं ऐकू येत होतं.

नगरची तीन पोरं. गोरक्ष गायचा — गायचा कसला, ओरडायचा! शांतवनकडे मिशनमधल्या कुणी साहेबानं जाताना देऊन टाकलेली गिटार. छगनचा ड्रम त्याच्या चुलत्याच्या लग्नाच्या बँडमधला. आणि आवाज मोठा करायचं खोकं सहादेवभाऊजींनी मोडक्या रेडिओंतून जुळवलेलं. ते खोकं लावलं की तिथला फ्यूज उडायचाच. म्हणून नाव फ्यूज पार्टी. दीड वर्षात सगळे मिळून अकरा कार्यक्रम. सुराचा पत्ता नाही.

"पन काय आग हुती!" रंभाजी म्हणाले. "आताचे ऑर्केस्ट्रावाले बघा. कोट घालून, केस चापून उभं ऱ्हात्यात. ह्यांच्या अंगावर धड सदरा नसायचा, पन लोकं घरी जाऊन झोपत न्हवती."

मग यांचा आवाज खाली आला. येणारच. सतरा फेब्रुवारी अडुसष्ट! मला ती गोष्ट पाठ आहे.

"कॉलेजमागचं पटांगण. संध्याकाळचे सात. दुसऱ्याच गाण्याला फ्यूज गेला. माईक बंद, गिटार बंद. स्टेजवर एक गॅसबत्ती तेवढी, तीही मिणमिणती. लोक हुर्यो करायला लागले, चपला यायला लागल्या. गोरक्ष नुसता उभा. आणि एक मुलगी — लाल स्वेटर, दोन वेण्या — चढली की वर! माईक नाही, काही नाही. नुसत्या गळ्यानं —

नळाला न्हाई पानी, गळ्यात लई गानी,
फ्यूज गेला जाऊ द्या, आमी गप न्हाई ऱ्हानार!"

तिघांनीही म्हटलं. मांडीवर थापा मारून.

नव्या माणसानं विचारलं, कोण होती ती?

"रंगू," सहादेवभाऊजी म्हणाले. "तिनं मला सवताच्या तोंडानं सांगितलंय."

हे म्हणाले, "मी पार मागं, लिंबाखाली होतो. तोंड काही दिसलं नाही. पण तसा आवाज परत कधी ऐकला नाही."

तसा आवाज परत कधी ऐकला नाही! लग्नाला साडेतीन वर्षं झाली. या घरात मी रोज बोलते!

ज्वारीतले खडे तसेच राहिले. कुठे तरी लिहायलाच हवं, म्हणून इथे लिहिते.

रंगू नव्हती. ती मी होते.


मंगळवार, ९ जानेवारी

दोन दिवस वही उघडली नाही. ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवली होती. पण आता एकदा लिहिलंच आहे, तर पुरतं लिहिते.

रंगू माझ्या खोलीतली. हॉस्टेलवर आम्ही दोघी. तिच्या खाटेवर बुद्धाचं चित्र, माझ्या खाटेवर खंडोबाचं. तिच्या वस्तीतली कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. अभ्यास सोडून कुठे जायची नाही. त्या संध्याकाळीही नाही आली. "तू जा, मला उद्या टिपणं द्यायचीत." थंडी होती म्हणून तिचा लाल स्वेटर घालून गेले.

का चढले — अजून कळत नाही. त्यांची पहिली ओळ तेवढी ठाऊक होती. दुसरी तिथल्या तिथे सुचली. फ्यूज गेला जाऊ द्या. माझी ओळ! माझी स्वतःची! आणि तीच ओळ सहादेवभाऊजी मांडीवर थापा मारून म्हणतात.

परत आले, स्वेटर घडी करून रंगूच्या खाटेवर ठेवला. तिला सगळं सांगितलं. ती हसली, म्हणाली, वेडी आहेस. दुसऱ्या सकाळी दादा न्यायला आला — बघायचा कार्यक्रम ठरलाय, चल. ते स्थळ जमलं नाही, पण वडलांनी परत नगरला पाठवलं नाही. पुढे डी.एड., मग हे स्थळ, मग इथली शाळा. रंगूला एक पत्रसुद्धा लिहिलं नाही मी.

आणि तिनं काय केलं? माझी एकुलती एक गोष्ट उचलून स्वतःच्या अंगावर घातली!

यांना सांगावं का? स्टेजवर चढलेल्या पोरीचं कौतुक वेगळं आणि आपली बायको चढली होती हे वेगळं. विचारायची हिंमत होत नाही.


रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला म्हणून सगळी मंडळी हजर. सहादेवभाऊजींची घोषणा — अठरा फेब्रुवारीला नगरला मेळावा! पाच वर्षं झाली म्हणून. जुने ऐकणारे सगळे जमवायचे. गोरक्ष पुण्याच्या फॅक्टरीतून रजा काढून येणार. छगन ड्रम आणणार. शांतवन कुवेतला, तो काही येत नाही.

"आणि रंगूचा सत्कार," हे म्हणाले. "शाल, श्रीफळ."

शाल! श्रीफळ!

तिळगूळ वाटला. गोड बोलले.


रविवार, २१ जानेवारी

सापडली बाईसाहेब. मिरजगावजवळ दुष्काळी कामावर मस्टर कारकून आहे — रस्त्याच्या मजुरांची हजेरी घेते. हे आणि सहादेवभाऊजी मोटारसायकलवर जाऊन आमंत्रण देऊन आले. यांचं तोंड असं फुललेलं की जणू पोर झाल्याचं सांगायला आलेत!

"साधीच आहे गं. पण बोलली की कळतं — तोच आवाज."

तोच आवाज!! लिंबाखालून ओळखला होता ना तुम्ही! तोच म्हणे!

"दिसायला कशी आहे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"उन्हानं रापलीय. पण ताठ."

ताठ. मी दिवसभर फळ्याकडे वाकून वाकून पोक काढलेली.


सोमवार, २२ जानेवारी

आमटीत मीठ दोनदा पडलं. हे काही न बोलता जेवले. तेही लागलं.


रविवार, २८ जानेवारी

आज हसावं की रडावं! भाकरी थापताना नकळत ती ओळ गुणगुणत होते. बाहेरून हे ओरडले, "अगं, चाल चुकतेय तुझी! 'जाऊ द्या'वर आवाज वर न्यायचा. रंगू कसं म्हणाली होती —" आणि मला म्हणून दाखवलं.

मला! माझीच ओळ!

तवा करपला. ठरवलं — मिरजगावला जायचं. तोंडावर विचारायचं तिला, लाज कशी वाटत नाही.


रविवार, ४ फेब्रुवारी

जाऊन आले. यांना सांगितलं, शाळेचं काम आहे. एसटीनं दोन तास, मग पाऊण तास पायी.

लांबूनच आवाज ऐकू आला. "बनुबाई! छबूबाई! आक्काबाई!" रस्त्याच्या कडेला शेदीडशे बाया खडी फोडत बसलेल्या आणि ती बाभळीखाली उभी राहून नावं पुकारत होती. शेवटच्या टोकाची बाईसुद्धा पहिल्या हाकेला ओ देत होती. तो आवाज ऐकून पहिल्यांदा मनात आलं — यांचं चुकलं म्हणता येत नाही. आणि त्यामुळे जास्तच संताप आला.

तिनं मला बघितलं. मस्टर बंद केलं.

"चांगुणा. तुझे यजमान आमंत्रण द्यायला आले, तवा त्यांच्या बोलण्यात तुझं नाव आलं. मला वाटलं तू दोन आठवडे आधीच येशील."

मी घोकून आणलेलं सगळं भडाभडा बोलले. खोटारडी. चोर. माझी ओळ, माझा गळा. ती ऐकत राहिली. मडक्यातून पाणी काढून पुढे केलं. मी घेतलं नाही. ती स्वतः प्यायली.

"स्वेटर घडी करून माझ्या खाटेवर ठेवला हुतास ना तू? तू गेल्यावर रेक्टरबाई लाल स्वेटर शोधत आल्या. त्यांनी तोच उचलला. कुणाचा? म्हटलं, माझा."

"मग सांगायचंस ना, चांगुणा होती म्हणून!"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं. म्हणाल्या, पाटलाच्या लेकीवर घालतेस? ती असलं करायची नाही." थांबली. "मी करीन, हे मात्र त्यांना लगेच पटलं."

पुढचं तिनं एका दमात सांगितलं.

हॉस्टेल गेलं. शिष्यवृत्ती बंद. दुसरं वर्ष अर्ध्यावर. आणि दाखल्यावर शेरा — वर्तणूक असमाधानकारक. ग्रामसेविकेच्या मुलाखतीला तीनदा गेली. तिन्ही वेळा साहेबांचं बोट त्या ओळीवर थांबलं आणि मुलाखत तिथंच संपली. आता नऊ मार्चला चौथी आहे.

"पण मग सहादेवभाऊजींना का सांगितलंस तू होतीस म्हणून?"

"दोन वर्षांमागं एसटी स्टँडवर भेटले. मला म्हणाले, त्या स्वेटरवाल्या पोरीनं आमची अब्रू राखली. त्यावेळेला पहिल्यांदा कुणी त्या गोष्टीबद्दल चांगलं बोललं. मला वाटलं, शिक्षा सगळी माझ्या नावावर झालीय. मग गाणंबी माझ्याच नावावर होऊ दे."

बाया हातोड्या खाली ठेवून आमच्याकडे बघत होत्या. तिनं एक हात वर केला, पुन्हा खडी फुटायला लागली.

"तुला काय करायचं असंल तर सांगते," ती म्हणाली. "कॉलेजला खरं लिहून दे. दाखला मला धुऊन पायजे. पन त्या मंडळींना सांगायचं न्हाई. तुझ्या यजमानांनाबी न्हाई. अठराला शाल मी घेनार."

"म्हणजे शिक्षा माझी आणि शाल तुझी?"

"पाच वर्षं शिक्षा माझी आणि मास्तरीण तू," ती म्हणाली. "जमतंय का बघ."

आणि मस्टर उघडून पुढची नावं पुकारायला लागली.


सोमवार, ५ फेब्रुवारी

शाळेत मुलींना शुद्धलेखन घातलं आणि स्वतःच फळ्यावर चुकले.


गुरुवार, ८ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. चार वेळा. "मी, सौ. चांगुणा राधाकृष्ण..." इथपर्यंत येते आणि शाळा दिसायला लागते. संस्थेचे चेअरमन आबासाहेब — मुलींनी मोठ्यानं हसलेलंसुद्धा त्यांना खपत नाही. कळलं तर?

वाईट वाटतंय का मला रंगूचं? वाटतंय. खरंच वाटतंय. पण त्याच्या शेजारी दुसरंही बसलंय, ते उठत नाही. तिनं सोसलं ते खरं, पण स्टेजवर चढले ती मी! पाय माझे थरथरले होते! तिला शाल द्यायची आणि मी टाळ्या वाजवायच्या — एवढी मोठी मी नाही. निदान वहीशी तरी खोटं बोलू नये.

पत्र पाचव्यांदा पुरं झालं. पिशवीत आहे.


रविवार, १८ फेब्रुवारी

नगरहून आत्ता आलो. हे अजून अंगणात सहादेवभाऊजींशी बोलतायत. तोच विषय.

साठेक माणसं जमली होती. कुणी गॅरेजवाला, कुणी मास्तर, कुणी एसटीतला कंडक्टर. सगळ्यांचे केस आता बारीक कापलेले. प्रत्येक जण उठून सांगत होता — मी तिथे होतो, मी पुढच्या रांगेत होतो, मला चप्पल लागली होती. एकानं तर कपाळावरचा वण दाखवला! त्या दिवशी पटांगणात दोनशे माणसं नसतील. आजपर्यंत पुढच्याच रांगेत पाचशे झाली.

गोरक्ष जाड झालाय. त्याचा आवाज बसलाय. एक गाणं म्हणायला गेला आणि खोकत खाली बसला. छगन मात्र तसाच — ड्रमवर अशी काठी मारली की खिडक्या वाजल्या.

मग रंगू. पांढरी सुती साडी. शाल घेतली, नारळ घेतला. मी तिसऱ्या रांगेत, यांच्या शेजारी. तिची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही. सगळे ओरडले — म्हणा! म्हणा!

चुकू दे, असं मनात म्हटलं. देवाशप्पथ म्हटलं. एकदा तरी हिचा आवाज फाटू दे.

तिनं माईक बाजूला सारला. पहिली ओळ तीच. दुसरी —

हातामधी फावडं हाय, आमी गप न्हाई ऱ्हानार!

मग जे काही झालं! छगननं ड्रम धरला, माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. हे शिट्टी वाजवत होते. यांना शिट्टी येते हे मला साडेतीन वर्षांत माहीत नव्हतं!

माझी ओळ एका संध्याकाळच्या अंधाराची होती. तिची ओळ — चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली. हे लिहायला हात जड होतोय, पण होती.

मी टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत. लोकांना वाटलं आनंदानं.

निघताना सहादेवभाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, तुमी असता तर त्या दिशी पळूनच गेला असता!" सगळे हसले. मीही हसले. दात दुखेपर्यंत.

पत्र पिशवीतच राहिलं. टाकणार नाही. मिळाली ना शाल! पुरे की!


सोमवार, १९ फेब्रुवारी

हे दिवसभर फावड्याची ओळ गुणगुणतायत. माझी ओळ विसरले. एका दिवसात.


बुधवार, २१ फेब्रुवारी

रजा टाकून नगरला गेले. कॉलेजला पत्र स्वतःच्या हातानं दिलं.

कुणी हे वाचलं तर म्हणेल, बाईला पाझर फुटला. नाही. रात्रंदिवस एकच डोक्यात होतं — त्या बाईकडे माझं गाणं आहे आणि माझी शिक्षाही आहे. दोन्ही तिच्याकडे! माझ्याकडे त्या दिवसातलं काहीच नाही. गाणं तर आता मिळत नाही, तिनं ते बदलूनसुद्धा टाकलं. शिक्षा तरी माझी मला परत पाहिजे.

प्राचार्य नवे आहेत. रेक्टरबाई केव्हाच्या निवृत्त. प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"गाणं म्हटलं? एवढंच?"

"एवढंच."

"आणि त्या मुलीनं तेव्हाच तुमचं नाव सांगितलं होतं?"

"तीनदा."

त्यांनी पत्र घडी करून फाइलीत ठेवलं. मग म्हणाले, दाखला बदलून देता येईल, पण तुम्ही म्हणता त्या तुम्हीच, याची तुमच्या शाळेकडून लेखी खात्री करावी लागेल. चालेल?

"चालेल" म्हणताना आबासाहेब डोळ्यांपुढे आले. पण म्हटलं.


बुधवार, ७ मार्च

कार्ड आलं. "नवा दाखला हातात पडला. शुक्रवारी मुलाखत. — रंगू." आभार नाहीत. बरं झालं. असते तर कार्ड फाडलं असतं.


सोमवार, १२ मार्च

मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावलं. आबासाहेब खुर्चीत बसलेले. टेबलावर कॉलेजचं पाकीट, फोडलेलं.

"हे खरं आहे?"

"हो."

"भर सभेत? स्टेजवर? पुरुषांसमोर?"

"हो."

"चांगुणाबाई, उद्या आमच्या मुलींनी तुमच्याकडनं काय शिकायचं?"

उत्तर तोंडात आलं होतं. गिळलं. मग वाटलं, आता कशासाठी गिळायचं? मी म्हणाले, "फ्यूज गेला तर काय करायचं ते."

हेडमास्तरांनी खाली बघितलं. हसले की काय कोण जाणे. आबासाहेबांचा चेहरा लाल. कमिटी बसेपर्यंत शाळेत यायचं नाही. कॉलेजला हवं ते फेब्रुवारीतच लिहून दिलंय, हेडमास्तर म्हणाले, खोटं तर लिहिता येत नाही. आणि हा कागद — आबासाहेबांनी पाकीट खिशात घातलं — कारखान्यात राधाकृष्णरावांना ते स्वतः देणार.

मुली वर्गाच्या दारात उभ्या होत्या. एकीनं माझी पिशवी आणून दिली.


मंगळवार, १३ मार्च

यांनी काल पाकीट आणलं. फळीवर ठेवलं. हात धुतले, जेवले, झोपले. आज सकाळी चहा घेतला, गेले. एक शब्द नाही. दुपारी सहादेवभाऊजी दारावरून गेले, आत आले नाहीत. म्हणजे त्यांनाही कळलंय. रंगूची अट मी मोडली नाही, पण अट मोडलीच.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं.


बुधवार, १४ मार्च

अजून नाही बोलले. फळीवरचं पाकीट मात्र जागेवर नाही. वाचायला बरोबर नेलं असावं.

भावाला पत्र लिहावं का? पण काय लिहू?


गुरुवार, १५ मार्च

संध्याकाळी आले. चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले —

"म्हणून दाखव."

शेजारी ऐकू जाईल म्हणून मी दार लावायला उठले.

"राहू दे," म्हणाले. "उघडंच राहू दे."